यंत्राची शुचिता : एअर फिल्टर आणि पूजेचा अर्थ

डर्ट बाइकचा एअर फिल्टर म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा भाग. सीटखाली किंवा बाजूच्या झाकणामागे, प्लास्टिकच्या डब्यात तो बसवलेला असतो; एरवी तो कोणाच्या नजरेस पडत नाही. त्याचे काम एवढेच की धूळ स्वतःवर घ्यायची आणि इंजिनाला स्वच्छ हवा द्यायची. या साध्या कामातून धर्मविचारातले तीन जुने प्रश्न उभे राहतात. शुद्धता ही एकदा मिळवून ठेवायची अवस्था आहे की पुन्हा पुन्हा करायचे कर्म? जो दुसऱ्यासाठी मळ अंगावर घेतो, त्याला अशुद्ध म्हणायचे का? आणि ज्या साधनाची आपण पूजा करतो, त्याची निगा हा त्या पूजेचा भाग आहे की तिच्याबाहेरचे काम?

मातीचे स्थान

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगावर शाहूवाडी तालुका वसला आहे. विशाळगड, आंबा घाट आणि चांदोलीच्या जंगलाची कड या भागात येते. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो आणि पाऊस सरला की डोंगरवाटांवर लाल फुफाटा उडू लागतो. येथील सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची सपाट पठारे, जांभ्या खडकाचे आहेत. लाखो वर्षांच्या पावसाने बेसाल्टमधली इतर द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. त्यातून हा खडक बनला. मातीला लाल रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. धातू आणि काच यांना चकाकी आणण्यासाठी कारागीर जी तांबडी पूड वापरतात, तीही लोहाच्या ऑक्साइडचीच असते. दागिन्याला उजाळा देणारा हा पदार्थ इंजिनात शिरला तर तेलात मिसळून त्याचा खल होतो आणि पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत घासत राहतो.

याच तालुक्यात पावनखिंड आहे. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे यांनी तेव्हा घोडखिंड म्हणून ओळखली जाणारी ही खिंड लढवली आणि शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचले. येथे येणारा माणूस वाकून खिंडीची माती कपाळाला लावतो. तीच माती सिलिंडरमध्ये गेली की नाशाला कारण होते. मातीत काहीच बदललेले नसते. तिचे स्थान बदललेले असते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मळाचा विचार याच अंगाने केला : आपल्या जागेवरून हललेली वस्तू मळ ठरते. भारतीय आचारालाही ही गोष्ट अनोळखी नाही. राख चुलीजवळ सांडली तर ती झाडून काढतात, पण तीच राख कपाळावर भस्म म्हणून लावतात आणि तिनेच भांडीही घासतात. म्हणून शुद्धीच्या विचाराची पहिली पायरी अशी की मळ हा पदार्थाचा जन्मजात दोष मानू नये. कोणती वस्तू कोठे असावी याचा विवेक म्हणजे शुचिता.

गाळण्याची रीत

पेट्रोलच्या इंजिनाला इंधनापेक्षा हवा कितीतरी जास्त लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबात एक लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा होते. ही सगळी हवा एका लहानशा फिल्टरमधून जाते. फुफाट्याच्या वाटेवर पुढे दुसरी गाडी असेल तर मागच्या गाडीला हवेबरोबर धूळच ओढावी लागते.

रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींत कागदी फिल्टर असतो. त्याच्या घड्यांतली छिद्रे इतकी बारीक असतात की धूळ बाहेरच अडते. शर्यतीच्या आणि निव्वळ रानवाटांच्या गाड्यांत फोमचा फिल्टर असतो. त्याची रीत वेगळी आहे. फोमची छिद्रे धुळीच्या कणांपेक्षा मोठी असतात, म्हणून कोरडा फोम बारीक धूळ अडवू शकत नाही. त्याला चिकट तेल लावलेले असते. हवा फोमच्या वाकड्यातिकड्या वाटांतून वळत जाते. जड कणांना तेवढे वळण घेता येत नाही, ते तेलावर आदळतात आणि चिकटून राहतात. हवा पुढे जाते, धूळ मागे राहते. धूळ साचत जाते तशी हवेची वाट मात्र अरुंद होते. कार्ब्युरेटरच्या गाडीत मग पेट्रोलचे प्रमाण वाढते, पिकअप पडतो, ॲव्हरेज घसरते आणि सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागतो. इंधन मोजून देणाऱ्या नव्या यंत्रणेच्या गाडीतही ताकद कमी होतेच.

म्हणजे मळलेला फिल्टर हा वाया गेलेला फिल्टर नव्हे. त्याच्यावरचा मळ ही त्याने केलेल्या कामाची खूण असते. खरी काळजी करायची ती बराच प्रवास होऊनही स्वच्छ दिसणाऱ्या फिल्टरची. तो नीट बसलेला नसेल, फाटला असेल किंवा त्याची कड सुटली असेल तर धूळ त्याला वळसा घालून थेट आत जाते. जाणता मिस्त्री फिल्टर काढल्यावर पलीकडच्या नळीच्या तोंडाशी पांढरे फडके फिरवून बघतो. फडक्यावर लाल रेघ उमटली तर बाहेरून कितीही नीटनेटकी दिसणारी गाडी आतून झिजू लागलेली असते.

धुण्याचा क्रम

फोमचा फिल्टर धुण्याची पद्धत ठरलेली आहे आणि तिच्या प्रत्येक पायरीला कारण आहे. आधी गाडीचा बाहेरचा चिखल काढतात, म्हणजे झाकण उघडताना तो आत पडत नाही. फिल्टर हलक्या हाताने बाहेर घेतल्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर स्वच्छ कापड बसवतात. डबा आतून पुसून घेतात. फिल्टर त्याच्या जाळीच्या सांगाड्यावरून काढून रॉकेलमध्ये किंवा खास फिल्टरसाठी मिळणाऱ्या द्रवात बुडवतात आणि तळव्यांत धरून दाबतात. पिळायचा नसतो, पिळला की फोम फाटतो आणि चिकटवलेले सांधे सुटतात. पेट्रोलने धुणे टाळावे, कारण त्याची वाफ लगेच पेट घेते आणि फोमचा गोंदही सैल होऊ शकतो. तेल निघाल्यावर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, स्वच्छ पाण्यात खळबळून फिल्टर सावलीत वाळवतात.

पुरता वाळल्यावर त्याला नवे तेल लावतात. हे तेल फोमच्या कणाकणांत समान पोहोचावे लागते. कोरडा राहिलेला ठिपका धुळीला वाट देतो आणि जादा तेल हवेची वाट अडवते. म्हणून दाबून-दाबून तेल सगळीकडे मुरवतात आणि उरलेले काढून टाकतात. शेवटी बसणाऱ्या कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन फिल्टर जागेवर बसवतात आणि कड सगळीकडून टेकली आहे ना, हे बोट फिरवून पाहतात. फुफाट्यातून गाडी हाकली असेल तर प्रत्येक फेरीनंतर हे काम करावे लागते.

कागदी फिल्टरला ही रीत चालत नाही. कोरडा कागदी फिल्टर हलका आपटून किंवा आतून बाहेर हवेचा मंद झोत देऊन काही काळ वापरता येतो. कारखान्यातच तेल लावून आलेला कागदी फिल्टर धुवायचाही नसतो आणि त्यावर हवाही मारायची नसते. मुदत भरली की तो बदलायचा. कंपनीच्या पुस्तिकेत ही मुदत दिलेली असते आणि धुळीच्या मुलखात ती आणखी कमी धरावी लागते. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे स्वतंत्र प्रकरण आहे. धातू, लाकूड, कापड, धान्य यांची शुद्धी एकाच उपायाने होत नाही, प्रत्येक द्रव्याच्या स्वभावाप्रमाणे उपाय बदलतो, असे तेथे गृहीत धरले आहे. त्या प्रकरणातले तपशील आज वापरात नसले तरी त्यामागचे तत्त्व गॅरेजातही लागू पडते. वस्तू न ओळखता केलेली स्वच्छता वस्तूचाच नाश करते.

पूजा आणि निगा

आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, महाराष्ट्रात शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गॅरेजांत, कारखान्यांत आणि घरांपुढे त्या वेळी गाड्या धुतल्या जातात. हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार हँडलला घालतात, नारळ फोडतात. यामागचा भाव खोल आहे. माणूस एकट्याच्या बळावर जगत नाही, साधनांचे ऋण त्याच्यावर असते आणि ते वर्षातून एकदा तरी उघडपणे मान्य करावे, हा तो भाव. पण या दिवशी धुतली जाते ती बहुधा गाडीची बाहेरची बाजू. जोराच्या पाण्याचा फवारा फिल्टरच्या डब्यावर मारला तर पाणी आत जाऊन फिल्टर भिजतो. अशा वेळी पूजेच्या तयारीनेच साधनाला इजा होते.

या भागातला आणखी एक सण पूजेचे वेगळे रूप दाखवतो. ज्येष्ठ-आषाढात येणाऱ्या बेंदराला बैलांची पूजा होते. ती सुरू होते खांदेमळणीपासून. जू ज्या खांद्यावर टेकते आणि घासते, तो खांदा गरम पाण्याने शेकून हळद आणि तूप किंवा तेल चोळून मळतात. मग बैलाला आंघोळ घालतात, शिंगे रंगवतात, झूल चढवतात आणि पुरणपोळी खाऊ घालतात. नटवणे येते ते खांद्याच्या सेवेनंतर. जेथे श्रमाचा घाव बसतो, तेथे पहिला हात जातो.

पंढरपूरच्या विठ्ठलाच्या उपचारांतही हेच दिसते. आषाढी यात्रेच्या काळात देवाचा पलंग काढलेला असतो आणि दर्शन रात्रंदिवस सुरू राहते. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. मंदिर धुतात, देवाला गरम पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा दाखवतात आणि मग नित्याचे उपचार पूर्ववत सुरू होतात. भक्तांसाठी उभा राहिलेला देव थकतो, अशी ही कल्पना आहे. तत्त्वज्ञानाच्या भाषेत परब्रह्माला थकवा नाही. तरीही भक्तीने त्याला थकवा दिला, कारण त्याशिवाय सेवेला जागा राहत नाही. ज्याने आपल्यासाठी कष्ट सोसले त्याचा शीण काढणे हेच प्रक्षाळपूजेत पूजन ठरते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वकर्माने ईश्वराचे पूजन करण्याचा विचार येतो आणि ज्ञानेश्वरीत त्याचा विस्तार आहे. वारकरी परंपरेत सावता माळी मळ्यात आणि गोरा कुंभार चिखलात आपली भक्ती जगले. या परंपरेच्या दृष्टीने पाहिले तर पूजा आणि निगा यांत वैर नाही. हार घालणे म्हणजे ऋणाचा उच्चार आणि फिल्टर धुणे म्हणजे त्या ऋणाची फेड. उच्चार केला आणि फेड राहिली तर पूजा अर्धी होते. फेड केली आणि उच्चार राहिला, तरी साधनाला त्याचे देणे मिळालेले असते. म्हणून दोहोंत निवड करण्याची वेळ आली तर निगेला आधी स्थान द्यावे लागते.

मळ सोसणाऱ्याचा मान

शुद्धतेच्या विचाराने भारतीय समाजात फार मोठे नुकसानही केले आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत पाच नियमांतला पहिला नियम शौच हा आहे. त्यावरच्या व्यासभाष्यात बाह्य शुद्धी आणि चित्तातले मळ धुण्याची आंतरिक शुद्धी असे दोन भाग केले आहेत. व्यवहारात मात्र शुद्धी जन्माशी बांधली गेली. जे लोक गावाची घाण काढत, मेलेली जनावरे ओढत, कातडे कमावत, त्यांच्या श्रमावर गाव स्वच्छ राहिले आणि त्याच गावाने त्यांना अस्पृश्य ठरवले. मळ काढणाऱ्यालाच मळ मानणे हा तर्कदोष आहे आणि त्याहून आधी तो अन्याय आहे. घाण निर्माण करणारा शुद्ध आणि ती दूर करणारा अशुद्ध, असा निवाडा कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारा नाही. माणूस हा दुसऱ्याची घाण सोसण्यासाठी बसवलेला भाग नाही. यंत्रात हे काम फोम आणि कागद करतात; समाजात ते काम एका जातीवर लादणे कोणत्याही धर्माने समर्थनीय ठरत नाही.

कोल्हापूरच्या भूमीत या दोषाशी झगडा झाला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने यांत अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे गौरवले. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) दुसऱ्या बाजूने हाच प्रश्न धरला. ते गावात येत, खराटा हाती घेऊन आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांच्या मनातली अंधश्रद्धा व जातिभेद यांवर बोलत. बाह्य आणि आंतरिक शुद्धी त्यांच्या एका दिवसात एकत्र येत. त्यांच्या जगण्याचा बोध असा की घाण काढण्याचे काम सर्वांचे आहे, म्हणून त्याचा कमीपणा कोणाच्याच वाट्याला येत नाही. मालकाने गाडीचा फिल्टर गॅरेजातल्या पोरावर न सोडता कधी स्वतः धुतला तर हा बोध त्याच्या हातांनाही कळतो. रॉकेलने काळे झालेले हात कमीपणाचे लक्षण नाहीत.

बदलण्याची वेळ

धुण्याला मर्यादा आहे. फोम जुना झाला की भुसभुशीत होतो, बोटांनी दाबल्यावर त्याचे कण सुटतात आणि सांधे उकलतात. असा फिल्टर धुऊन परत बसवला तर त्याचेच तुकडे इंजिनात जाण्याचा धोका असतो. येथे प्रश्न येतो तो जुन्या वस्तूवरील ममतेचा. आणि त्याच्या जोडीला आणखी एक : भाग बदलत गेले तर गाडी तीच राहते का?

मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतो. चाके, आस, सांगाडा, जू यांपैकी एकही रथ नाही आणि त्यांच्याहून वेगळा रथही सापडत नाही. रथ हे या सगळ्यांच्या एकत्र असण्याला दिलेले नाव आहे, असे तो दाखवतो. न्याय-वैशेषिक परंपरा हे मानत नाही. तिच्या मते अवयवांपासून बनलेला अवयवी हा खरोखर वेगळा पदार्थ असतो. पहिल्या मताने फिल्टर बदलण्यात हळहळ करण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्या मताने गाडीला स्वतःचे अस्तित्व आहे, आणि म्हणून एखाद्या भागाच्या लोभापायी तिला धोक्यात घालणे अधिकच गैर. वाटा निराळ्या असल्या तरी दोन्ही एकाच कर्तव्यापाशी येतात. भागाची किंमत त्याच्या कार्यावरून ठरते. कार्य संपले की त्याला सोडावे.

देवालयांच्या परंपरेतही हा विवेक आहे. झिजलेल्या मूर्तीचे संवर्धन करावे की तिच्या जागी नवी मूर्ती प्रतिष्ठित करावी, याचा विचार जीर्णोद्धाराच्या विधींत होतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये रासायनिक संवर्धन करण्यात आले. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती आणि कारखान्यात बनलेला फिल्टर यांची बरोबरी होऊ शकत नाही. तरी एक गोष्ट दोन्हीकडे खरी आहे : आदर करणे म्हणजे झिजेकडे डोळेझाक करणे नव्हे. झीज वेळेत पाहणे आणि तिच्यावर योग्य उपाय करणे हा आदराचाच भाग आहे.

काढलेला मळ कोठे जातो

फिल्टर स्वच्छ झाला तरी शुद्धीचे काम संपत नाही. भांड्यात काळे रॉकेल, जुने तेल आणि गाळ उरलेला असतो. तो ओढ्यात ओतला तर मळ नाहीसा होत नाही, फक्त डोळ्यांआड होतो. कासारी नदी शाहूवाडीच्या डोंगरातून निघून पंचगंगेला मिळते आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. तेथे दत्तभक्त स्नान करतात आणि ते पाणी तीर्थ म्हणून घेतात. वरच्या अंगाला आपली वस्तू शुद्ध करून खालच्या अंगाच्या माणसाच्या तीर्थात घाण सोडणे ही शुद्धी म्हणता येत नाही. गाळ खाली बसू देऊन वरचे रॉकेल पुढच्या धुण्याला वापरावे, जुने तेल व गाळ बंद डब्यात साठवून वापरलेले तेल घेणाऱ्याकडे द्यावा आणि फाटलेला फोम जाळू नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. जंगलाच्या बाबतीतही हीच जबाबदारी येते. चांदोलीच्या बाजूची राखीव वने आणि सड्यांवरचे पातळ मातीचे थर हे गाड्या फिरवण्याचे मैदान नाहीत. मळलेल्या वाटेनेच गाडी नेणारा माणूस धूळही कमी उडवतो आणि रानाची हानीही टाळतो.

निष्कर्ष

सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरे यातून मिळतात. शुद्धता ही कायमची मिळकत नाही. जोवर साधन काम करते तोवर ते मळते, आणि जोवर ते मळते तोवर धुण्याचे कर्म चालू ठेवावे लागते. मळ अंगावर घेणारा त्यामुळे हीन होत नाही. हीनता येते ती त्याच्या श्रमावर जगून त्याला दूर लोटणाऱ्याकडे. साधनाच्या पूजेत त्याची निगा येतेच, आणि त्यातही न दिसणाऱ्या भागाची निगा आधी येते. या निगेला चार अटी लागतात : वस्तूचा स्वभाव ओळखणे, काम वेळच्या वेळी करणे, कार्य संपलेला भाग सोडून देणे आणि काढलेल्या मळाची जबाबदारी शेवटपर्यंत घेणे. या चारही अटी पाळून केलेली सफाई हे धर्मकृत्य आहे. ती खंडेनवमीला केली काय किंवा एखाद्या साध्या मंगळवारी केली काय, तिचे मोल सारखेच राहते.